अध्ययन अक्षमता आणि माध्यमिक शाळा : परतूर परिसरातील पालक व शिक्षकांसाठी माहिती

आपल्याकडील शालेय शिक्षणात इयत्ता नववी हा सर्वांत अवघड उंबरठा ठरतो. पहिली ते आठवी मूल वर्गाबरोबर पुढे सरकत राहते. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती. पुढे केंद्राने २०१९ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा नियम आणला. तरीही ज्या मुलास नीट वाचता येत नाही असे मूल नववीच्या वर्गात येऊन बसते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. तेथे इतिहासाचा धडा दहा-बारा पानांचा असतो, विज्ञानाची परिभाषा संस्कृतप्रचुर असते आणि इंग्रजीत उताऱ्यावरील प्रश्न असतात. मग पहिल्या चाचणीतच ‘अभ्यास करीत नाही’ असा शेरा मिळतो आणि वर्षअखेरीस मुलगा कापसाच्या वेचणीला, गॅरेजमध्ये वा दुकानात जातो. मुलगी असेल तर घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

अशा मुलांपैकी काहींच्या अडचणीला वैद्यकशास्त्रात व कायद्यात निश्चित नाव आहे, ते म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता. जालना जिल्हा आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. परतूरसारख्या तालुक्याच्या गावी या विषयाची माहिती मुंबई-पुण्याच्या मानाने फार उशिरा पोहोचते. म्हणून ती येथे एकत्र देत आहोत.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय

बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक, डोळे व कान चांगले, शाळेत नियमित हजेरी आणि शिकविणारे शिक्षकही आहेत. तरी वाचणे, लिहिणे किंवा हिशेब करणे यांपैकी एखादी गोष्ट वयाच्या मानाने फारच मागे राहते, तेव्हा अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. वाचनातील अशा अडचणीस डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीस डिस्ग्राफिया आणि गणनातील अडचणीस डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात यांपैकी दोन किंवा तिन्ही असू शकतात. हा आजार नव्हे, त्यामुळे यावर गोळी नाही. हे मतिमंदत्वही नव्हे. मेंदू लिखित भाषेवर ज्या रीतीने प्रक्रिया करतो त्या रीतीतील हा जन्मजात फरक आहे. अनेकदा तो घराण्यात चालत आलेला आढळतो. योग्य पद्धतीने शिकविल्यास मूल पुष्कळ सुधारते, पण वाचनाचा संथपणा बहुधा मोठेपणीही टिकून राहतो.

या स्थितीचे वैद्यकीय साहित्यातील पहिले प्रसिद्ध वर्णन माध्यमिक शाळेच्या वयाच्याच मुलाचे आहे, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिले. मुलगा हुशार होता, खेळात कोणाहून मागे नव्हता. परंतु अनेक वर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते आणि स्वतःचे नाव लिहिताना त्यातील अक्षरांची अदलाबदल झाली तरी ती त्याच्या लक्षात येत नसे. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदविले आहे. आपल्या गावातील कितीतरी शिक्षकांनी एखाद्या मुलाविषयी हेच म्हटले असेल.

देवनागरी लिपीत ही अडचण कशी दिसते

डिस्लेक्सियाविषयीची बहुतेक पुस्तके इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहेत. इंग्रजीत उच्चार व लेखन यांचा मेळ नसल्याने तेथे मूल चुकीचे वाचते. मराठीचे तसे नाही. लिहिले तसे वाचायचे असल्यामुळे मराठी माध्यमाचे मूल आठवी-नववीपर्यंत बहुतेक शब्द बरोबर वाचू लागते. पण एकेक अक्षर जुळवीत, अडखळत, इतक्या सावकाश वाचते की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याला आरंभ आठवत नाही. त्याला ‘वाचता येते’ असे समजून आपण फसतो.

मराठी वहीत शोधाव्यात अशा खुणा निराळ्या आहेत. जोडाक्षर फोडून लिहिणे, रफार भलत्याच अक्षरावर देणे, ‘क्र’, ‘र्क’ आणि ‘कृ’ यांतील भेद न कळणे, मात्रा व अनुस्वार गाळणे, ध-घ, भ-म, ब-व, प-ष अशा दिसायला जवळच्या अक्षरांची अदलाबदल करणे, फळ्यावरचे उतरविताना मधलीच ओळ गाळणे, या त्या खुणा होत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर आपण सारेच करतो. केवळ त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. याउलट, एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिलेला आढळला तर ती वही बाजूला काढून ठेवावी. असे मूल तोंडी उत्तर चांगले देते आणि तेच उत्तर लिहावयास सांगितले की दोन ओळींत थांबते. इंग्रजीच्या तासाला ते पोटात दुखते म्हणून घरी जाते. वर्गात विदूषकी चाळे करणारा मुलगाही कधी कधी हाच असतो, कारण ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘वात्रट’ म्हणवून घेणे त्याला परवडते.

गणिताच्या बाबतीत मराठीत एक जादा अडचण आहे. आपण २५ या संख्येत वीस आधी लिहितो, पण उच्चारताना ‘पंच’ आधी म्हणतो. एकोणतीस, एकोणचाळीस तर पुढच्या दशकाच्या नावाने ओळखले जातात. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत थट्टा झाली. मंडळाच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची सोय हे कारण शांतपणे सांगितले होते. भाषेच्या अंगाने झालेले आक्षेप आम्हांस अमान्य नाहीत. परंतु ज्या मुलास सव्वीस ऐकून ६२ लिहिण्याची सवय आहे त्याच्याशी बोलताना ‘वीस आणि सहा’ असे फोडून सांगावे, यात भाषेचे काहीच बिघडत नाही.

प्रत्येक मागे पडलेले मूल अध्ययन अक्षम नसते

ही सावधगिरी आपल्या भागात विशेष आवश्यक आहे. परतूर व मंठा तालुक्यांत बंजारा तांडे आहेत. तेथील मुलांची घरची भाषा गोरमाटी असून पुस्तकी मराठी ते शाळेतच प्रथम ऐकतात. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर दिवाळीनंतर जाणारी मुले उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात, म्हणजे वर्षातले निम्मे शिक्षण त्यांच्या हातून निसटते. काही मुलांना चष्म्याची गरज असते. पहिल्या बाकावर बसविल्यावर ‘सुधारलेले’ मूल बहुधा यांपैकी असते. काहींच्या घरी दारूमुळे वा मृत्यूमुळे अभ्यासाचे वातावरणच राहिलेले नसते. या सर्वांना मदत हवीच, पण ती वेगळ्या प्रकारची. त्यांच्यावर अक्षमतेची चिठ्ठी चिकटविणे अन्यायाचे होईल. तसेच, तांड्यावरचे मूल आहे म्हणून त्याची खरी अध्ययन अक्षमता नजरेआड करणे हाही अन्यायच. दोन्हींत फरक करण्याचा साधा मार्ग असा, की त्याच परिस्थितीतील त्याच्या भावंडांशी व सोबत्यांशी तुलना करावी. सर्वांची हजेरी सारखी, घर सारखे आणि एकटाच वाचनात फार मागे असेल तर तपासणी करावी.

महाराष्ट्रातील सवलतींचा इतिहास

१९९६ पासून महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. मुंबईतील पालक, विशेष शिक्षक आणि महापालिका रुग्णालयांतील डॉक्टर यांच्या खटपटीचा त्यात मोठा वाटा होता. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन अक्षमता केंद्राने पुढे या मुलांवर पुष्कळ संशोधन प्रसिद्ध केले. त्या सवलतींत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित व कार्यानुभव अशी मुभा होती. मात्र प्रमाणपत्र देणारी केंद्रे दीर्घकाळ मुंबईतच एकवटलेली राहिली. मराठवाड्यातील मुलाला कागदावर हक्क होता, हातात काही नव्हते.

डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला. त्यातील मुलगा आठ-नऊ वर्षांचा आहे, चित्रे काढतो आणि त्याला एक जाणता शिक्षक भेटतो. चित्रपट उत्तमच आहे. पण प्रत्येक अध्ययन अक्षम मुलात एखादी असामान्य कला दडलेली असते असा समज त्यामुळे पसरला. पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, काहीसा रागीट आणि कोणतीही कला नसलेला मुलगा मदतीस तितकाच पात्र आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता आणि त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संमत केला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान मिळाले. त्याचे कलम १६ शाळांना ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून अध्यापनाचे उपाय योजण्यास सांगते. कलम १७ मध्ये परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे. हे उपकार नव्हेत, कायद्याने दिलेले हक्क आहेत. मुख्याध्यापकांकडे जाताना पालकांनी इतके तरी ध्यानात ठेवावे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात दिलेला निर्णयही ठाऊक असावा. लिहिताना हात आखडणाऱ्या या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. चाळीस टक्के अपंगत्वाचा निकष पूर्ण होत नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

परतूरहून मार्ग कसा आहे

पहिले पाऊल शाळेतच टाकायचे आहे. वर्गशिक्षकांनी मुलाच्या दोन-तीन विषयांच्या वह्या, चाचण्यांच्या उत्तरपत्रिका आणि मागील इयत्तांची प्रगतिपत्रके एकत्र ठेवून आपले निरीक्षण एका पानावर लिहावे. नववी-दहावीच्या मुलाबाबत या कागदांचे मोल फार आहे, कारण तपासणीची साधने मुख्यतः लहान मुलांसाठी बनलेली आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘दाली’ नावाची चाचणी तयार केली; ती हिंदी, कन्नड व इंग्रजीसोबत मराठीतही आहे, ही आनंदाची गोष्ट. पण ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे.

तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेखाली समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांनी त्यांना लेखी कळवावे. ही योजना बारावीपर्यंत लागू आहे, केवळ प्राथमिक शाळांपुरती नाही. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शासकीय व अनुदानित शाळांना भेट देते. त्याच्या तपासणीच्या यादीत अध्ययनविषयक विकार आहे. पथक आले की बहुधा वजन, दात व डोळे पाहून होते. शिक्षकांनी त्या मुलाचे नाव स्वतः पुढे केले पाहिजे.

प्रमाणपत्रासाठी जालना येथील जिल्हा रुग्णालयाकडे जावे लागते. शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज भरून वैश्विक दिव्यांग ओळखपत्राची प्रक्रिया सुरू होते. बालरोगतज्ज्ञ प्रथम दृष्टी व श्रवण तपासून घेतात. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक काढतात आणि शेवटी वाचन, लेखन व गणन यांच्या चाचण्या होतात. एका दिवसात हे उरकत नाही. रेल्वेने जालना गाठणे सोपे असले तरी शेतमजुरी करणाऱ्या पालकाच्या दृष्टीने प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी होय. म्हणून निघण्यापूर्वी कोणते तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात याची चौकशी करावी आणि जालन्यात सोय नसल्यास छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासाठी लेखी संदर्भपत्र मागून घ्यावे. गावातील एखाद्या सुशिक्षित तरुणाने पालकांसोबत जाणे ही येथे फार मोठी मदत ठरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. दहावीचे आवेदनपत्र परीक्षेच्या काही महिने आधी, दिवाळीच्या आसपास भरले जाते. २०२५ पासून दहावीची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होऊ लागली आहे. सवलतीचा प्रस्ताव प्रमाणपत्रासह मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. जानेवारीत जागे झालेल्या पालकाला कोणीही मदत करू शकत नाही. तपासणी आठवीच्या सुट्टीत किंवा नववीच्या पहिल्या सत्रात व्हावी.

सवलत वापरण्याचाही सराव लागतो

केंद्र शासनाच्या २०१८ च्या सूचनांनुसार जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटे आहे. म्हणजे तीन तासांच्या भाषेच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या गणिताच्या पेपरला चाळीस मिनिटे अधिक मिळतात. लेखनिक खालच्या इयत्तेतील असतो. पण दुसऱ्याला उत्तर सांगून लिहवून घेणे ही स्वतंत्र कला आहे. ज्या मुलाने आयुष्यात कधी सलग पाच वाक्ये तोंडी रचलेली नाहीत, तो परीक्षागृहात अनोळखी लेखनिकासमोर गप्प बसतो. नववीच्या सहामाहीपासून लेखनिकासह पेपर सोडविण्याचा सराव करून घ्यावा. प्रश्न दोनदा वाचून घेणे, मुद्दे बोटांवर मोजणे, ‘येथे नवा परिच्छेद’ असे सांगणे आणि शेवटी उत्तर परत वाचून घेणे या गोष्टी त्याला शिकवाव्यात.

गणित सोडण्याची मुभा घाईने घेऊ नये. बीजगणित-भूमिती सोडलेल्या विद्यार्थ्यास पुढे अभियांत्रिकी पदविका व विज्ञान शाखेच्या वाटा बंद होऊ शकतात. ज्याची अडचण मुख्यतः वाचनाची आहे, पण गणिताची जाण चांगली आहे, त्याने प्रश्न वाचून दाखविण्याची सोय घेऊन गणित ठेवावे, असे आमचे मत आहे. गणनाचीच खरी अक्षमता असेल तर संकोच न करता सूट घ्यावी.

प्रमाणपत्राशिवाय जे करता येते

प्रमाणपत्र हाती येईपर्यंत महिने जातात. वर्गातील पुष्कळशा गोष्टींना मात्र कोणाच्याही सहीची गरज नाही. त्या मुलाला अचानक उभे करून मोठ्याने वाचावयास लावू नये. वाचन करवायचेच असेल तर आदल्या दिवशी उतारा नेमून द्यावा. फळ्यावरचे सर्व उतरवून घेण्याऐवजी त्याला सोबत्याच्या वहीची छायाप्रत द्यावी. घटक चाचणीत निम्मे प्रश्न तोंडी विचारावेत. एका पानावर दोनच गणिते द्यावीत. नव्या धड्यातील दहा कठीण शब्द आधी फोडून दाखवावेत: ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द ‘प्रकाश’ व ‘संश्लेषण’ असा दोन तुकड्यांत फळ्यावर लिहिला तर साऱ्या वर्गाचेच भले होते. उत्तर तपासताना आशयाचे गुण आशयालाच द्यावेत आणि लाल शाईने सर्व चुका दाखविण्याऐवजी एका प्रकारच्या चुकांवर महिनाभर काम करावे.

घरी मोठ्या बहिणीने किंवा भावाने रोज अर्धा तास धडा वाचून दाखवावा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगावा. आई निरक्षर असली तरी ती ऐकू शकते. मोबाइलवर मजकूर वाचून दाखविण्याची सोय आता साध्या संचातही असते, आणि बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. शिकवण्या मात्र वाढवू नयेत. दिवसभर शाळेत हरलेल्या मुलाला सायंकाळी पुन्हा त्याच पद्धतीने हरविण्यापलीकडे त्यांतून काही साधत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गातही हाच विवेक पाळावा. प्रार्थना तोंडपाठ असलेल्या मुलाला पुस्तकातून वाचता आले नाही म्हणून दृढीकरणाच्या तयारीत मागे ठेवण्याचे कारण नाही. मिस्साच्या वाचनासाठी युवकांची नावे काढताना आधी त्यांना एकट्याने विचारावे.

नापास मुलांना घेऊन शाळा चालविणारे इटलीचे धर्मगुरू लोरेन्झो मिलानी यांचे नाव येथे घेतल्याशिवाय राहवत नाही. १९५४ साली त्यांना बार्बियाना नावाच्या डोंगरातील लहानशा वस्तीवर पाठविण्यात आले. तेथे त्यांनी शेतकऱ्यांच्या, शाळेने बाहेर काढलेल्या मुलांना शिकविले, आणि त्या मुलांनी मिळून शिक्षिकेला लिहिलेले पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने उपलब्ध आहे. बार्बियानातील मुले अध्ययन अक्षम होती असे नव्हे. पण मूल नापास झाले की चूक मुलाचीच, हे गृहीत त्यांनी मोडून काढले. पोप फ्रान्सिस यांनी जून २०१७ मध्ये मिलानी यांच्या कबरीला भेट दिली होती.

दहावीनंतर

दहावीत अपयश आले तरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकेक विषय घेऊन, अनेक संधींत परीक्षा पूर्ण करता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रमांत हाताने करावयाच्या कामास महत्त्व असल्याने पुष्कळ मुलांना तेथे प्रथमच यश लाभते. परंतु तेथेही लेखी परीक्षा आहे, म्हणून प्रमाणपत्र सोबत असावे. चाळीस टक्के वा अधिक अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्यांस शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के राखीव जागांचा आणि शासकीय सेवेतील चार टक्के आरक्षणाचा लाभ कायद्याने मिळतो.

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळते, चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य असते. मार्च २०२४ मध्ये या सूचना नव्याने प्रसिद्ध झाल्या आहेत. तेव्हा फेरतपासणीचे नियम रुग्णालयात विचारून घ्यावेत. मूळ प्रमाणपत्र, बुद्ध्यंकाचा अहवाल आणि नववी-दहावीच्या दोन-तीन वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत जपून ठेवाव्यात; पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टर त्या मागतात.